पाचही पंप पाहिले

दादा गेल्यानंतर त्याच्या खिशातली वही वहिनींनी माझ्याकडे दिली. तीत दर पंधरवड्याला तारीख आणि एकच ओळ होती : ‘पाचही पंप पाहिले.’ मी आणि इंजिनाच्या मिस्त्रीने मिळून अख्खी बोट पालथी घातली, तेव्हा चार सापडले.

मी बोटीवरचा माणूस नव्हे. माझं आयुष्य वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात गेलं. समुद्र मला लागतो, धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा लागतो. पण बोट आता वहिनींची झाली होती, आणि तीन आठवड्यांवर सरकारी तपासणी आली होती. अधिकाऱ्याने बोट सुस्थितीत असल्याचा दाखला दिला नाही, तर पूर्ण हंगाम धक्क्यालाच काढावा लागणार होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला निदान लिहिता येतं. कुठे काय आहे ते एकदा कागदावर येऊ दे. यांनी सगळं डोक्यात ठेवलं आणि डोकं घेऊन गेले.”

म्हणून मी तक्ता करायला घेतला.

पहिला पंप इंजिन थंड ठेवण्याचा, तो इंजिनालाच चिकटलेला. दुसरा पट्ट्यावर चालणारा, मोठा. तो समुद्रातून पाणी ओढून डेक धुवायला द्यायचा, आणि त्याचीच एक नळी बोटीच्या तळाशी जाऊन तिथे साचलेलं पाणीही ओढायची. तिसरा हातपंप, डेकवर. चौथा मासळीच्या कोठाराखाली, विजेवर चालणारा. तो खवल्यांनी इतका गच्च भरला होता, की मिस्त्रीने तो बाहेर काढला तेव्हा मला वाटलं एखादा मासाच हाती लागला. पाचवा काही केल्या मिळेना. मी केबिनमधल्या झोपण्याच्या फळीवर बसून पुन्हा पुन्हा वही चाळत होतो.

नांगर बाहेर डेकवर बसून जुना रंग खरवडत होता. नांगर म्हणजे दादाचा तीस वर्षांचा सोबती. एकदा बसला की हलत नाही, म्हणून खलाशांनी त्याला हे नाव दिलं होतं. त्याचं खरं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने ओ दिली असती की नाही, शंकाच आहे.

“मास्तर,” तो मान वर न करता म्हणाला, “कशावर बसलाय ते बघा की.”

मी मास्तर कधीच नव्हतो. पण तो मला तेच म्हणायचा. मी उठलो, फळी उचलली. खाली पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि तिला पायाने दाबायचा एक छोटा पंप.

“दोन दिवस शोधतोय आम्ही!” मिस्त्री वैतागला. “माहीत होतं तर सांगितलं का नाही?”

“तुम्ही कागदाला विचारत होता,” नांगर म्हणाला. “मला कुठे विचारलंत?”

मिस्त्री हसला. मला मात्र ते बोचलं. आणि त्याच दिवशी, इतक्याशा गोष्टीवरून, माझ्या मनात नांगराबद्दल एक किडा शिरला. दोन दिवस गंमत बघत बसणारा माणूस आणखी काय काय माहीत असून गप्प बसत असेल?

मिस्त्रीचं काम चोख होतं. तरुण होता, पण हात बसलेला. मोठ्या पंपाचा रबरी पंखा बदलला, पट्टा ताणून घेतला, हातपंपाला नवं चामडं बसवलं, समुद्राच्या कॉकची, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोटीची, चुकीची बसलेली दांडी नीट केली, कोठाराखालच्या पंपाला जाळी लावली. प्रत्येक काम झालं की तो वर येऊन मला सांगायचा आणि मी तक्त्यात टिपून घ्यायचो. शेवटी म्हणाला, “काका, काय काय बदललंय ते सगळ्यांना सांगा हं.”

“तक्त्यात लिहिलंय,” मी म्हणालो. “केबिनमध्ये लावतो.”

तक्ता मी दुसऱ्याच दिवशी सुकाणूशेजारी, नजरेच्या उंचीवर लावला. पाच पंप, पाच रंग, बाणांनी पाण्याची दिशा, आणि खाली बारीक अक्षरात केलेल्या कामांची यादी, तारखेसह. इतका सुबक कागद मी कित्येक वर्षांत केला नव्हता. त्याच झपाट्यात मी नट-बोल्टचे डबेही लावून टाकले. नांगराने प्रत्येक डब्याला जाळ्याच्या दोऱ्याचा एकेक तुकडा बांधलेला होता, कुठे तांबडा, कुठे निळा, कुठे दोन गाठी, कुठे तीन. मी ते सोडून टाकले आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या होत्या तिथेच होत्या, आणि वर पुन्हा दोरे बांधलेले होते. मी काही बोललो नाही. मी सहसा बोलतच नाही. पण मनात म्हणालो, हा माणूस मला मुद्दाम खिजवतो आहे.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी बोटीत पाणी दिसलं.

थोडंथोडकं नव्हे. तळाच्या फळ्या तरंगत होत्या आणि इंजिनाचे पाय बुडाले होते. वहिनींनी सुताराला बोलावलं. त्याने बुडापासून कडेपर्यंत ठोकून पाहिलं, सांधे चाचपले आणि मान हलवली. “लाकूड ठणठणीत आहे. पाणी आत शिरलेलं नाही, कुणीतरी घेतलंय.”

कुणीतरी. त्या एका शब्दाने धक्क्यावरचं वारं बदललं. बोटीच्या किल्ल्या तीनच होत्या. एक नांगराकडे, एक मिस्त्रीकडे आणि एक माझ्याकडे. वहिनी कुणाला काही म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या आमच्याशी बोलताना चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघू लागल्या.

मला आधी मिस्त्रीचा संशय आला. दुरुस्ती करणाऱ्याला बिघाड हवाच असतो, असा माझा सरधोपट हिशोब. दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनींनी मला आणि मिस्त्रीला बोटीवर नेलं. नांगर यायला अजून तास होता. तळात पुन्हा तितकंच पाणी. मिस्त्री बॅटरी घेऊन इंजिनाशेजारी उतरला आणि खालूनच ओरडला, “काकू, समुद्राचा कॉक उघडा आहे!”

तो वर आला आणि त्याने समजावून सांगितलं. मोठा पंप चालू असताना कॉक उघडा असला तर हरकत नाही. पण पंप बंद करून कॉक उघडा ठेवला, तर समुद्राचं पाणी त्याच नळ्यांतून गुपचूप तळात उतरतं. पाणी उलट येऊ नये म्हणून असलेली झडप केव्हाच झिजून गेली होती. त्यामुळे या बोटीत सगळी भिस्त त्या एका कॉकवर. डेक धुतला की कॉक बंद, हा नियम.

“आणि डेक कोण धुतं?” वहिनींनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. रंग खरवडण्याचं काम चालू होतं, आणि रोज दुपारी नांगर डेक धुऊन घरी जायचा. “तुम्ही आता तो बंद करा,” त्या मिस्त्रीला म्हणाल्या. “त्याला आत्ताच काही विचारू नका. मी बघते.”

नांगर आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल कॉक बंद केला होता ना?”

“केला.”

“नक्की?”

नांगराने खरवडणी खाली ठेवली. “वहिनी, तीस वर्षं करतोय. जेवायचं विसरेन एखाद्या दिवशी.”

“नाही, सहज विचारलं.”

“सहज विचारायला तुम्ही सकाळी सहाला येत नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा रंग खरवडू लागला. मग मिस्त्रीकडे वळून : “तुझा नवा पंखा बदल बाबा. रोज आधी काळं, तेलकट पाणी येतं, आणि पाच मिनिटांत पंप खोकायला लागतो. अर्धा डेक बादलीने धुतोय मी. दुरुस्त करायच्या आधी बरा होता.”

“पंखा नवाकोरा आहे.”

“मग माझंच नशीब जुनं असेल.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. म्हणजे, बघा, उलट्या बोंबा. मलाही तसंच वाटलं.

त्या रात्री पुन्हा पाणी भरलं. कॉक पुन्हा उघडा. तिसऱ्या दिवशीही तेच. शिवाय वहिनींच्या कानावर आलं, की जुन्या बोटी तोडून भंगार विकणारा एक जण नांगराबरोबर आपल्या बोटीवर दिसला होता. दोघं इंजिनापाशी खाली वाकून काहीतरी बोलत होते म्हणे.

“आता काय राहिलं?” वहिनी मला म्हणाल्या. स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या, आणि ती कणीक नसून कुणाची तरी मान असावी अशा मळत होत्या. “तपासणीत बोट नापास झाली की मी ती विकणार, हे त्याला ठाऊक आहे. दलाली खाणार असेल. ह्यांच्या पानाला पान लावून जेवलेला माणूस, भाऊजी! मी त्याला काढणार. पण काढायच्या आधी मला ते डोळ्यांनी बघायचंय. माझ्या नाही तर तुमच्या.”

“माझ्या?”

“तुम्ही असलात काय नि नसलात काय, कुणाच्या लक्षात येत नाही.”

त्या चांगल्या अर्थाने म्हणाल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नांगर जेवायला गेला असताना, मी केबिनच्या पुढच्या कोनाड्यात, दोरांच्या ढिगामागे जाऊन बसलो. सोबत पुस्तक नेलं होतं, पण एक ओळ वाचून झाली नाही. मला सारखं वाटत होतं की मला शिंक येईल, खोकला येईल. तीस वर्षं दादाला साथ दिलेल्या माणसावर मी दोरांच्या मागून डोळा ठेवून होतो. आणि खरं सांगायचं तर मला तो गुन्हेगार निघायला हवा होता. डब्यांवरचे ते दोरे मी अजून विसरलो नव्हतो.

नांगर आला. इंजिन सुरू झालं. वर डेकवर पाण्याचा आवाज, आणि थोड्याच वेळात पंपाची ती कोरडी खरखर. नांगराने एक कचकचीत शिवी हासडली आणि बादली समुद्रात सोडली. डेक धुऊन झाल्यावर तो खाली आला. माझ्यापासून चार हातांवर. बॅटरी त्याच्याकडे नव्हती. त्याने इंजिन बंद केलं, अंधारातच वाकून हात घातला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

“समुद्र?” तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज दादाचा होता. म्हणजे दादासारखा काढलेला. दादा वरून असं विचारायचा, हे मी लहानपणी नव्हे, पण इथे दोन-तीनदा ऐकलं होतं. वरून प्रश्न, खालून उत्तर.

“बंद,” नांगराने आपल्या आवाजात स्वतःलाच उत्तर दिलं. हात पुसले आणि वर निघून गेला. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला.

मी उतरलो. माझ्या बॅटरीचा उजेड कॉकवर पडला. दांडी नळीच्या रेषेत होती. सरळ. म्हणजे उघडा. नळीला हात लावला तर आतून पाणी वाहत असल्याची थरथर लागली. मी दांडी आडवी केली आणि थरथर थांबली.

फसवणारा माणूस एकटा असताना कुणाला फसवतो? इथे तर कुणीच नव्हतं. तरी तो ‘बंद’ म्हणाला होता. म्हणजे त्याच्या लेखी तो बंदच होता.

मग मला दांडी आठवली. मिस्त्रीने ‘चुकीची बसलेली’ म्हणून नीट केलेली दांडी. ती दादाने कधीतरी भर समुद्रात, मोडल्यावर घाईने बसवली असणार, आणि ती पाव फेरा चुकली असणार. चारी बाजूंनी गोल फिरणारा जुना पितळी कॉक, त्याला काय फरक पडतो? तेव्हापासून या बोटीवर सरळ म्हणजे बंद आणि आडवी म्हणजे उघडा. जगात सगळीकडे उलट असेल, पण इथे तसंच. नांगराचा हात ते तीस वर्षं जाणत होता. आता तो डेक धुवायला कॉक ‘उघडायचा’, म्हणजे बंद करायचा, आणि पंप रात्री तळात साचलेलं काळं पाणीच ओढून खोकायला लागायचा. आणि घरी जाताना तो कॉक ‘बंद’ करून समुद्राला आत घ्यायचा.

पण मी तर लिहिलं होतं! मी धावत केबिनमध्ये गेलो. तक्त्यावर, खालून तिसरी ओळ : ‘समुद्राच्या कॉकची दांडी नियमाप्रमाणे बसवली. आता आडवी म्हणजे बंद.’ नांगर रोज या कागदासमोर उभा राहून सदरा बदलायचा.

मी तिथेच फळीवर बसलो, पाचव्या पंपाच्या डोक्यावर. डब्यांचे दोरे. तांबडा, निळा, दोन गाठी, तीन गाठी. रोज सकाळी माझ्या हातात वर्तमानपत्र बघून तो म्हणायचा, “मास्तर, वाचून दाखवा. तुम्ही वाचलं की बातमी खरी वाटते.” मला वाटायचं, थट्टा करतो. चाळीस वर्षं मी वाचणाऱ्या माणसांमध्ये काढली. न वाचणारा माणूस समोर असला तर तो मला दिसतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि चार शब्द तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तक्ता केला होता, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बोटीवर आल्या, मिस्त्रीला घेऊन. नांगर खरवडत होता. मी त्यांना आदल्या संध्याकाळी एवढंच सांगितलं होतं की उद्या बोलू. मला कसं बोलावं ते सुचलं नव्हतं.

“नांगर, इकडे या,” वहिनी म्हणाल्या. “काल भाऊजी इथे लपून बसले होते. त्यांनी सगळं पाहिलंय.”

नांगराने माझ्याकडे पाहिलं. “लपून? मास्तर, तुम्ही?” त्याच्या आवाजात राग नव्हता. आश्चर्य होतं. त्यापेक्षा राग परवडला असता.

“सांगा, भाऊजी.”

“त्यांना वाटतं की त्यांनी बंद केला,” मी म्हणालो. “दांडी बदललीय ना. पूर्वी सरळ म्हणजे बंद होता. त्यांचा हात जुन्याच सवयीने...”

“बदललीय?” नांगर म्हणाला. “कोणी?”

“मी,” मिस्त्री म्हणाला. “पण ते तक्त्यात लिहिलंय! काकांनी दुसऱ्या दिवशी लावला कागद. तुमच्या नाकासमोर आहे.”

आम्ही चौघंही केबिनमध्ये होतो. वहिनी आधी कागदाकडे, मग नांगराकडे बघत राहिल्या. “आणि तो भंगारवाला?”

“त्याला पंपाचा खोकला ऐकवायला आणला होता. असलाच जुना पंप त्याच्याकडे पडलाय का, ते विचारत होतो.” नांगराची नजर कागदावर होती. ती कुठल्याच ओळीवर थांबत नव्हती.

“ते असू दे. हे वाचलं होतं की नाही तुम्ही?”

धक्क्यावर कुणीतरी पेटी ओढत नेत होतं, तिचा आवाज येऊन विरला.

“वाचलं होतं,” नांगर म्हणाला.

मिस्त्रीने श्वास सोडला. वहिनींचा चेहरा दगडासारखा झाला. वाचलं होतं, तर मग जाणूनबुजून केलं. नांगरालाही ते कळत होतं. तीस वर्षांची नोकरी त्याच्या हातातून निसटत होती, आणि तो दुसरा शब्द उच्चारायला तयार नव्हता. त्याला चोर ठरलेलं चालणार होतं.

“कसं वाचतील?” माझ्या तोंडून गेलं. “ती ओळ मी काल लिहिली.”

“काल?” वहिनी वळल्या.

“काल. विसरलो होतो आधी. खाली थोडी जागा होती, तिथे घातली. चूक माझी आहे.”

वहिनी कागदाजवळ गेल्या. ओळ खालून तिसरी होती. तिच्याखाली दोन ओळी होत्या, त्याच शाईतल्या, आणि सगळ्यांत खाली तारीख, दहा दिवसांपूर्वीची. त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली, मग तारीख. मग वळून माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने त्यांनी मला लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

“भाऊजी, तुम्ही आणि विसरलात?”

“वय झालं.”

मिस्त्रीने तोंड उघडलं. वहिनींनी हाताने त्याला थांबवलं. “नांगर, कॉक आता आडवा म्हणजे बंद. कळलं?”

“कळलं.”

“जा, काम करा.” तो गेला. वहिनींनी माझ्यासमोर तळवा धरला. “तुमची किल्ली द्या. माझ्याकडे असू दे.”

मी दिली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला आजवर समजलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढं खरं की त्या दिवसापासून पाणी थांबलं, नांगर राहिला, आणि वहिनी माझ्या प्रत्येक कागदावरची तारीख दोनदा वाचू लागल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी बोटीवर गेलो. नांगरानेच दार उघडलं. दांडीला त्याने तांबडा दोरा बांधला होता. मी केबिनमध्ये टेकलो तसा तो हात पुसत आला आणि तक्त्यासमोर उभा राहिला.

“मास्तर, माझा चष्मा घरी राहिलाय. वाचा बघू हे. वरपासून.”

त्याला चष्मा नव्हता. कधीच नव्हता.

मी वाचू लागलो. एकेक पंप, एकेक नळी, एकेक बाण. तो माझ्या बोटामागून बोट फिरवत होता. खिडकीतून धक्का दिसत होता. तिथे वहिनी पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि आम्हा दोघांची डोकी अशी जवळ आलेली निरखून बघत होत्या. त्या आत येईनात, आणि तिथून हलेनातही.

“त्या बघतायत,” मी हळूच म्हणालो.

“बघू दे,” नांगर म्हणाला. “ही खालून तिसरी ओळ परत एकदा वाचा. सावकाश.”